मागचे निकाल कमकुवत असताना अमेरिकेत ट्रान्स्फरचा अर्ज कसा लिहावा

शाळेत आपण अर्जलेखन शिकलो ते 'माननीय मुख्याध्यापक यांस' येथपासून 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' येथपर्यंत. त्या अर्जात विनंती असते, कारण असते आणि 'कृपा करावी' अशी अपेक्षा असते. अमेरिकेत एका कॉलेजातून दुसऱ्या विद्यापीठात जाऊ पाहणारी, आणि पहिले वर्ष हातचे गेलेली, अनेक मराठी मुले ट्रान्स्फरचा निबंध नकळत याच साच्यात लिहितात, हे ओळखीच्या मुलांचे मसुदे वाचताना मला वारंवार जाणवले आहे. ट्रान्स्फरचा अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र एवढेच ठरवायचे असते, की हा विद्यार्थी आपल्याकडे आला तर तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे विषय झेपवेल की नाही. म्हणून अर्जातल्या प्रत्येक ओळीने त्याला या प्रश्नाच्या उत्तराकडे नेले पाहिजे.

हे लिहिताना माझ्यासमोर प्रामुख्याने कॅलिफोर्नियातील व्यवस्था आहे, कारण तेथील कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजातून) मी स्वतः विद्यापीठात गेलो आणि त्याआधीच्या वर्षात माझ्या ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकावर) दोन डी आणि एक एफ होता. इतर राज्यांत नावे आणि तारखा बदलतात, पण कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

लिहायला बसण्याआधी हिशेब करावा

निबंधापासून सुरुवात करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. आधी आजवर शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचे ट्रान्स्क्रिप्ट मागवावे आणि कागदावर स्वतःचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढावा. ग्रेडचे गुण (ए साठी ४, बी साठी ३, सी साठी २, डी साठी १, एफ साठी ०) गुणिले युनिट (त्या विषयाची क्रेडिट), आणि आलेल्या बेरजेला एकूण युनिटने भागायचे, एवढेच हे गणित आहे. समजा, पहिल्या वर्षी ३० युनिटमध्ये १.९ जीपीए आहे, म्हणजे ५७ गुण. पुढच्या सेमिस्टरला १५ युनिटमध्ये ३.८ मिळवले तर आणखी ५७ गुण येतात आणि एकूण जीपीए ११४ भागिले ४५, म्हणजे २.५३ होतो. त्यानंतरचे सेमिस्टर तसेच गेले तर १७१ भागिले ६०, म्हणजे २.८५. दोन सेमिस्टर जवळजवळ उत्तम जाऊनही आकडा तीनच्या खालीच राहतो. हे पाहून पुष्कळ मुले खचतात, पण वाचणारा अधिकारी केवळ २.८५ पाहत नाही, १.९ नंतर सलग दोन वेळा ३.८ आलेले त्याला दिसते, आणि निबंधाचे काम ही चढण नीट वाचली जाईल अशी व्यवस्था करणे एवढेच असते. चढण मुळातच नसेल तर निबंध कितीही चांगला लिहिला तरी त्याला टेकायला जागा राहत नाही. अशा वेळी एक सेमिस्टर थांबून अर्ज करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात डी किंवा एफ मिळालेला विषय पुन्हा घेता येतो आणि नवी ग्रेड जीपीएमध्ये धरली जाते. जुनी ग्रेड ट्रान्स्क्रिप्टवर दिसत राहते, पण गणितात येत नाही. एका विषयासाठी सर्वसाधारणपणे एकूण तीनच प्रयत्न मिळतात आणि मध्येच विषय सोडून मिळालेला डब्ल्यू हाही एक प्रयत्न धरला जातो, हे पुष्कळांना तिसऱ्या वेळी कळते. सी मिळालेला विषय सुधारण्यासाठी पुन्हा घेता येत नाही. फार जुने आणि वाईट सेमिस्टर असेल तर त्यातल्या कमी ग्रेड जीपीएतून वगळण्याची 'अकॅडेमिक रिन्यूअल' नावाची सोय असते. तिचे नियम प्रत्येक कॉलेज डिस्ट्रिक्टचे वेगळे असल्याने काउन्सेलरला भेटूनच तो अर्ज करावा. काही खासगी विद्यापीठे मात्र स्वतःचा हिशेब स्वतः करतात आणि दोन्ही ग्रेड धरतात, त्यामुळे कम्युनिटी कॉलेजने दाखवलेला जीपीए सगळीकडे तसाच मानला जाईल असे गृहीत धरू नये.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी, व्हिसावर असलेल्यांनी येथे विशेष जपावे. पदवीपूर्व विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ युनिट घ्यावी लागतात; जड जाणारा विषय सोडून डब्ल्यू घ्यावा असे वाटले आणि त्यामुळे युनिट बारापेक्षा कमी होणार असतील, तर विषय सोडण्याआधी कॉलेजातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. आधी सोडून नंतर सांगितले तर एका ग्रेडसाठी व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो.

कोठे अर्ज करायचा

ही पायरी मी थोडक्यात सांगतो, कारण यासाठी लागणारी माहिती खुली आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, आपल्या इन्फर्मेशन सेंटरवर प्रत्येक कॅम्पस आणि प्रत्येक मेजरसाठी (पदवीच्या मुख्य विषयासाठी) प्रवेश मिळालेल्या ट्रान्स्फर विद्यार्थ्यांचा जीपीए कोणत्या पट्ट्यात होता हे प्रसिद्ध करते. यूसीसाठी किमान जीपीए कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना २.४ आणि बाहेरच्यांना २.८ आहे, पण किमान म्हणजे अर्ज करण्याची मुभा. प्रवेशाची पातळी त्या पट्ट्यावरूनच समजते. कम्युनिटी कॉलेजातला कोणता विषय कोणत्या कॅम्पसला कोणत्या विषयाऐवजी चालतो, हे असिस्ट नावाच्या संकेतस्थळावर पाहता येते. मेजरसाठी आवश्यक असलेला एक विषय राहिला म्हणून चांगला जीपीए असूनही अर्ज मागे पडतो, तेव्हा असिस्टवरील पान छापून भिंतीला लावले तरी चालेल.

ज्यांचा भूतकाळ कमकुवत आहे त्यांनी यूसीच्या 'टॅग' (ट्रान्स्फर प्रवेशाची हमी) या सोयीचा आवर्जून विचार करावा. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसपैकी एकाच कॅम्पसला हा अर्ज करता येतो. ठरलेल्या अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी मिळते. टॅगचा अर्ज सप्टेंबर महिन्यात भरायचा असतो आणि त्यानंतर नेहमीचा यूसी अर्ज भरावाच लागतो; हा दुसरा अर्ज विसरल्यास हमी उरत नाही. बर्कली, लॉस एंजलिस आणि सॅन डिएगो या यादीत नाहीत. कॉम्प्युटर सायन्ससारखे काही मेजरही काही कॅम्पसनी टॅगमधून वगळलेले आहेत, म्हणून त्या वर्षीचा तक्ता पाहूनच निर्णय घ्यावा.

काहीही लपवू नये

मराठी घरांत नापास झालेले वर्ष पाहुण्यांना सांगण्याची पद्धत नाही. 'सध्या काय चाललंय?' या प्रश्नाला 'चाललंय' एवढेच उत्तर दिले जाते. हीच सवय अर्जात येते आणि तेथे ती घात करते. पुण्यात किंवा मुंबईत अभियांत्रिकीचे एक वर्ष केले, केटी राहिल्या, वायडी झाला, मग अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे येऊन कम्युनिटी कॉलेजात पहिल्यापासून सुरुवात केली, अशा मुलांना ते वर्ष अर्जात न दाखवण्याचा मोह होतो. शाळेनंतर शिकलेल्या प्रत्येक संस्थेचे नाव देणे अर्जात बंधनकारक असते आणि ती माहिती खरी आहे असे तुम्ही सही करून सांगता. लपवलेले उघड झाले तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, आणि तो पदवीच्या मध्यावर रद्द झाला तर परतीची वाट फार लांबची असते.

भारतातील गुण देताना ते गुणपत्रिकेवर जसे छापले आहेत तसेच द्यावेत. चारच्या मापात स्वतः रूपांतर करू नये, अशी यूसीची सूचनाच आहे. भारतीय विद्यापीठात साठ टक्क्यांना प्रथम वर्ग मिळतो हे बहुतेक प्रवेश कार्यालयांना ठाऊक असते, त्यामुळे ५८ टक्क्यांबद्दल अर्धे पान स्पष्टीकरण लिहिण्याची गरज नाही. केटी सुटली असेल तर मूळ प्रयत्नाची आणि सुटलेल्या प्रयत्नाची अशा दोन्ही गुणपत्रिका जोडाव्यात. अनेक विद्यापीठे परदेशी गुणपत्रिकांचे विषयवार मूल्यमापन वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून मागतात. त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची कॉलेजचा शिक्का असलेली प्रत मिळवून ठेवली तर पुढे काही विषयांचे क्रेडिट मिळण्यास मदत होते. ही प्रत आणायला भारतात कोणी तरी कॉलेजच्या ऑफिसात दोन-तीन खेपा घालावयास तयार असावे लागते.

वाईट सेमिस्टरबद्दल नेमके काय लिहावे

येथे मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण बहुतेक अर्ज येथेच बिघडतात.

यूसीच्या अर्जात ट्रान्स्फर विद्यार्थ्याला चार छोट्या प्रश्नांची उत्तरे लिहायची असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांत. त्यांतला एक प्रश्न सक्तीचा असतो: निवडलेल्या मेजरसाठी तुम्ही काय तयारी केली आहे आणि पुढचे विषय पेलण्यास तुम्ही तयार आहात हे कशावरून. उरलेल्या सातांतून तीन निवडायचे असतात. याशिवाय शैक्षणिक इतिहासाबद्दल आणखी काही सांगायचे असल्यास वेगळी जागा असते. वाईट सेमिस्टरचे स्पष्टीकरण शक्यतो त्या वेगळ्या जागेत लिहावे आणि चार उत्तरे पुढच्या गोष्टींसाठी मोकळी ठेवावीत. पडझडीचा प्रसंगच तुमच्या बदलाचा गाभा असेल, तर चारांपैकी एक उत्तर त्याला द्यावे. दोन देऊ नयेत. चारही उत्तरांतून तोच एफ डोकावू लागला की वाचणाऱ्याच्या मनात फक्त एफ उरतो.

स्पष्टीकरण कसे असावे हे दाखवण्यासाठी एक कल्पित नमुना घेऊ. ग्रीन कार्ड असलेला विद्यार्थी, घरी पैशांची ओढाताण, पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलसमध्ये एफ. अर्ज इंग्रजीत असतो, मी आशय मराठीत मांडतो. (फॉल म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणारे सेमिस्टर, स्प्रिंग म्हणजे जानेवारीच्या सुमारास सुरू होणारे.) पहिला मसुदा साधारण असा येतो:

'माझ्या आयुष्यात त्या काळात अनेक संकटे आली. परिस्थिती माझ्या हातात नव्हती आणि त्यामुळे माझा अभ्यास होऊ शकला नाही. पण मी हार मानली नाही. अपयश ही यशाची पहिली पायरी असते हे मी शिकलो आणि आज मी एक वेगळी व्यक्ती आहे.'

यात खोटे काहीच नाही, पण माहितीही काहीच नाही. कोणती संकटे, किती काळ, त्यानंतर काय बदलले, आणि ते पुन्हा घडणार नाही हे कशावरून, या चारही प्रश्नांची उत्तरे वाचणाऱ्याने स्वतः कल्पून घ्यायची. सुभाषित तर प्रत्येक दहाव्या अर्जात असते. आता हेच पुन्हा लिहू:

'२०२२ च्या फॉलमध्ये मी पाच विषय घेतले आणि त्याच काळात एका किराणा दुकानात आठवड्याला ३२ तास काम केले, कारण वडिलांची नोकरी ऑगस्टमध्ये गेली होती. कॅल्क्युलसची पहिली परीक्षा वाईट गेल्यानंतर मी वर्गात जाणे टाळू लागलो आणि प्राध्यापकांना काहीच सांगितले नाही. ती चूक माझी होती. मला एफ मिळाला. स्प्रिंगमध्ये मी कामाचे तास पंधरावर आणले, तीनच विषय घेतले आणि आठवड्यातून दोनदा मॅथ लॅबमध्ये बसू लागलो. कॅल्क्युलस पुन्हा घेऊन मला ए मिळाला आणि त्यानंतरच्या दोन गणिताच्या विषयांत बी आणि ए.'

फरक शब्दसंख्येचा नाही. दुसऱ्या मसुद्यात तारखा आहेत, तास आहेत, जबाबदारीचे एकच वाक्य आहे आणि पुढचे प्रत्येक विधान ट्रान्स्क्रिप्टशी ताडून पाहता येते. जबाबदारीचे वाक्य एकदाच असावे. आपल्याकडे क्षमा मागताना ती तीनदा मागितली की नम्रपणा वाटतो. या अर्जात ती तीनदा मागितली की लिहिणाऱ्याचा स्वतःवरच विश्वास नाही असे वाटते.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: माझ्याकडे सांगण्यासारखे मोठे कारण नाही, मी नुसताच अभ्यास केला नाही, मग काय लिहू? तेच लिहावे. अठराव्या वर्षी घरापासून दूर आल्यावर वेळेचे भान सुटले, किंवा वडिलांच्या आग्रहाने कॉम्प्युटर सायन्स घेतले आणि त्यात मन रमले नाही, ही कारणे या कार्यालयांना अजिबात नवी नाहीत. आजारपण किंवा घरातला मृत्यू खरोखर घडला असेल आणि त्याचा अभ्यासावर परिणाम झाला असेल तर अवश्य सांगावे. पण वाईट सेमिस्टरशी जुळावी म्हणून आजीच्या निधनाची तारीख एक वर्ष पुढे ढकलण्याचे प्रकारही मी पाहिले आहेत, आणि ते वाचून मला आजीबद्दलच वाईट वाटले. वडिलांनी मेजर निवडले असेल तर त्यांच्यावर खापर फोडू नये. 'मी सुचवलेला मार्ग न तपासता स्वीकारला' असे लिहिले की मुद्दाही पोहोचतो आणि वडीलही सुटतात. आधीच्या कॉलेजबद्दल तक्रारही टाळावी. माझ्या पहिल्या कॉलेजात सल्लागाराची भेट मिळायला पाच आठवडे लागत. माझ्या पहिल्या मसुद्यात यावर एक पूर्ण परिच्छेद होता. तो ज्यांना वाचायला दिला त्यांनी समासात एवढेच लिहिले होते: 'मग या पाच आठवड्यांत तू काय केलेस?' परिच्छेद मी त्याच रात्री काढून टाकला.

मेजरचे उत्तर आणि 'तेथेच का' हा प्रश्न

सक्तीच्या उत्तरात आवड सांगण्यापेक्षा पुरावा सांगावा. स्टॅटिस्टिक्सच्या वर्गातील प्रकल्पात कोणता डेटा हाताळला, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कोणता प्रयोग तीनदा फसला आणि चौथ्यांदा कशामुळे जमला, दुसऱ्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम मिळाले ते कोणत्या विषयात, अशा गोष्टी लिहाव्यात. ज्या विषयात आधी एफ होता त्याच विषयात आज तुम्ही ट्यूटर असाल, तर हे वाक्य उत्तराच्या वरच्या भागात यावे.

यूसीच्या एकाच अर्जावर अनेक कॅम्पस निवडता येतात, त्यामुळे त्यात एखाद्या कॅम्पसचे नाव घेऊन स्तुती करण्यात अर्थ नाही. कॉमन अ‍ॅपद्वारे (अनेक विद्यापीठांसाठीच्या सामायिक ऑनलाइन अर्जाद्वारे) खासगी विद्यापीठांकडे जाणारा अर्ज वेगळा असतो. तेथे 'आमच्याकडेच का' हा प्रश्न बहुधा असतोच. विद्यापीठाचे नाव बदलून तोच परिच्छेद दुसरीकडे चालत असेल तर तो परिच्छेद निकामी आहे असे समजावे. तिसऱ्या वर्षाचे दोन विषय, एखादी प्रयोगशाळा किंवा अभ्यासगट, आणि तो तुमच्या आतापर्यंतच्या कामाला कसा जोडला जातो, एवढे नेमके आले तरी पुरे.

शिफारसपत्रे आणि इतर कागद

यूसी साधारणपणे शिफारसपत्रे मागत नाही. खासगी विद्यापीठे अनेकदा मागतात. येथे आपल्या लोकांची एक ठरलेली चूक होते: ओळखीतले मोठ्या हुद्द्याचे काका, एखाद्या कंपनीचे उपाध्यक्ष किंवा मंडळाचे अध्यक्ष यांचे पत्र आणले जाते. त्यांनी तुम्हाला वर्गात कधी पाहिलेले नसते. पत्र त्या प्राध्यापकांचे असावे, ज्यांच्या विषयात तुमची सुधारणा घडली, मग ते कॉलेजात नवखे का असेनात. त्यांना किमान पाच-सहा आठवडे आधी, ऑफिस अवर्समध्ये प्रत्यक्ष भेटून विचारावे आणि सोबत एक पान द्यावे: त्यांच्या वर्गात कोणता निबंध किंवा प्रकल्प केला, कोणती ग्रेड मिळाली, कोठे आणि कशासाठी अर्ज करत आहात, शेवटची तारीख कोणती. जुन्या एफबद्दलही त्यांना सांगून ठेवावे. 'पहिल्या परीक्षेनंतर ही मुलगी दर मंगळवारी माझ्याकडे येत असे' असे वाक्य ते लिहू शकतात. तुमच्या लेखणीतून तेच वाक्य निम्म्या वजनाचे होते. पत्र पाहण्याचा कायदेशीर हक्क सोडणार का, असा प्रश्न फॉर्मवर असतो. तो सोडावा, म्हणजे पत्र मोकळेपणाने लिहिले आहे असे मानले जाते.

कॉमन अ‍ॅपवर काही विद्यापीठे 'कॉलेज रिपोर्ट' आणि 'मिड-टर्म रिपोर्ट' मागतात. पहिला कॉलेजातील अधिकारी भरतो, दुसऱ्यात चालू विषयांच्या आजपर्यंतच्या ग्रेड प्राध्यापकांच्या दुजोऱ्याने द्याव्या लागतात. ज्यांचा इतिहास कमकुवत आहे त्यांच्यासाठी मिड-टर्म रिपोर्ट हा जमेचा कागद ठरतो, कारण त्यातून सर्वांत ताजी चढण दिसते. यूसीकडे फॉलसाठीचा अर्ज सुमारे नोव्हेंबरअखेरपर्यंत द्यावा लागतो आणि जानेवारीत शैक्षणिक माहिती अद्ययावत करण्याची मुदत असते. फॉल सेमिस्टरच्या ग्रेड तेथे न चुकता भराव्यात. खासगी विद्यापीठांच्या तारखा बहुधा फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येतात.

प्रवेश मिळाल्यानंतर

मिळालेला प्रवेश सशर्त असतो. स्प्रिंगचे विषय अर्जात दाखवल्याप्रमाणे पूर्ण करावे लागतात. एखादा विषय सोडायचा असेल किंवा ग्रेड घसरण्याची चिन्हे असतील तर विद्यापीठाला आपणहून, लेखी आणि लगेच कळवावे. यूसीला ट्रान्स्फर विद्यार्थ्यांनी प्रवेश स्वीकारल्याचे साधारणपणे १ जूनपर्यंत कळवायचे असते आणि अंतिम ट्रान्स्क्रिप्ट १ जुलैपर्यंत पोहोचावे लागते. एफ-१ विद्यार्थ्यांनी जुन्या कॉलेजकडून सेव्हिस नोंद (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) नव्या विद्यापीठाकडे सोडण्याची तारीख ठरवून घ्यावी, नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते तो कागद) हाती घ्यावा, आणि दोन्ही ठिकाणच्या शिक्षणामध्ये पाच महिन्यांहून अधिक खंड पडू देऊ नये.

अंतिम ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचे, भारतातलेही. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मे महिन्यात निकालांची गर्दी असते, तेव्हा तेथील ट्रान्स्क्रिप्टसाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज करावा आणि पावतीचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवावा.